शंका-समाधान : रक्त पाहून घेरी येते, नर्सिंग करू का?

शंका : मी बारावी सायन्स झाले. बिडकीनलाच एका डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून लागले आहे, पुढे एएनएम करायचं मनात आहे. परवा कंपनीतला एक कामगार बोट कापून आला. पट्टी सोडताना चिकटलेला गॉज निघाला, रक्त आलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी खालीच बसले. शाळेत लसीच्या रांगेतही असंच व्हायचं. आईलाही सुई पाहून घेरी येते. घरचे म्हणतात, हे तुझं काम नाही, शिलाई शीक. काय करू?
— एक वाचक, बिडकीन

समाधान : शिलाई आवडत असेल तर जरूर शिका, या कारणासाठी मात्र नको.

साप, उंची, काळोख यांच्या भीतीनं छाती धडधडते, पण माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीचं तंत्र निराळं आहे. आधी नाडी आणि रक्तदाब वाढतात, मग दोन्ही एकदम उतरतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. म्हणूनच “अंग सैल सोड” हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडतो, कारण सैल अंगानं उतरता दाब आणखी उतरायला मदतच होते.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी 1980च्या दशकात यावर साधा उपाय रुजवला. खुर्चीत बसा. दंड, मांड्या आणि पोट 10 ते 15 सेकंद आवळून धरा, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग 20 ते 30 सेकंद स्नायू नेहमीच्या स्थितीत येऊ द्या, पार ढिले नको. असं पाच वेळा. श्वास कोंडू नका. आठवडाभर घरी सवय करा, मगच रक्ताकडे वळा.

वळायचं तेही पायरीपायरीनं. आधी स्पिरिटचा बोळा आणि रिकामी सिरिंज हाताळा, मग रक्ताचे फोटो, मग व्हिडिओ, मग दुसऱ्याचं रक्त काढताना शेजारी बसून पाहणं. आधी बसून, नंतर उभं राहून. मळमळ, जांभया, घाम, कानात गुणगुण सुरू झाली की लगेच स्नायू आवळा. आणि भीती ओसरेपर्यंत तिथून हलू नका. ऐन भीतीत पळ काढला की ती पुढच्या वेळी जास्त जोरात येते. तरीही तोल जातोय असं वाटलं तर आडवं व्हा, पाय उंच करा. कांदा हुंगवायला कुणी धावून येईलच, त्यापेक्षा पाय धरायला सांगा.

एकटीला जमत नसेल तर घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा टेली-मानस हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोला. मात्र रक्त न पाहताही, नुसतं उभं राहून किंवा पळताना चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. हिमोग्लोबिनही पाहा, आपल्याकडच्या मुलींमध्ये ते बऱ्याचदा कमी निघतं.

आता कामाचं. सध्या केसपेपर, वजन, बीपी एवढंच करा. दोन महिन्यांत “पोरगी हुशार आहे” म्हणून हातात इंजेक्शन देण्याची रीत खेड्यापाड्यांत आहे. ती मला मुळीच पसंत नाही, आणि तुमच्या बाबतीत तर ती दुहेरी धोक्याची. सुई हातात असताना घेरी आली तर पेशंटलाही इजा आणि तुम्हालाही. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा असतो. सरावाला भरपूर अवधी मिळतो. तिथे शिकवणाऱ्या मॅडमना पहिल्याच दिवशी हे सांगून टाका. लपवलं तर वॉर्डात अचानक कळेल, आणि ते जास्त अवघड.

आईंचं म्हणाल, तर ही भीती बऱ्याचदा घराण्यात असते. त्यांनाही हा व्यायाम शिकवा, फक्त बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. रक्त तपासायला द्यायचं असेल तेव्हा आडवं पडून द्यायला सांगा, आणि सुई ज्या हाताला टोचणार तो हात तेवढा सैल ठेवायला.