इंजिनाचा ताप सांगणारा मणी

घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. इंजिन तापल्याचे चालकाला समोरच्या काट्यावरून कळते. पण काट्याला ते कोण सांगते?

इंजिनाच्या भिंतींमधील पोकळ्यांतून पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण, म्हणजे कूलंट, फिरत असते. त्याच्या वाटेवर एका टोपणात लहानसा मणी बसवलेला असतो. हाच थर्मिस्टर. मँगॅनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांपासून तो बनवतात. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. या मण्याचे उलट आहे. तो अर्धवाहक असल्याने तापल्यावर त्याचा रोध घटतो. सिल्व्हर सल्फाइडचा असाच उलटा गुण मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये नोंदला होता.

आता थोडे गणित करू. समजा, गाडीतील संगणकाने १००० ओहमचा एक ठरावीक रोध व हा मणी एकसरीत जोडून त्यांना ५ व्होल्ट विभवांतर दिले आहे. २०° से. तापमानाला मण्याचा रोध २५०० ओहम असेल, तर त्याच्या टोकांमध्ये ५ × २५०० ÷ ३५००, म्हणजे सुमारे ३.६ व्होल्ट मिळतील. ९०° से. ला रोध २५० ओहमवर आला, की ५ × २५० ÷ १२५० = १ व्होल्ट. संगणक फक्त हे व्होल्ट मोजतो आणि साठवलेल्या कोष्टकावरून तापमान ठरवतो. मग इंधन किती सोडायचे, पंखा केव्हा लावायचा, हे ठरते.

तार तुटली तर प्रवाह थांबून पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. याचा अर्थ अशक्य कोटीतील थंडी! त्यावरून संगणक बिघाड ओळखतो व इशाऱ्याचा दिवा लावतो.

एक फसगत मात्र त्याला सहज ओळखता येत नाही. मणी सांगतो ते स्वतःचे तापमान. कूलंट गळून गेले तर मणी उघडा पडतो व त्याला पुरेशी उष्णता पोचत नाही. इंजिन भाजून निघत असतानाही काटा खाली येऊ शकतो. म्हणून वर चढलेला काटा घाटातच एकाएकी पडला, तर समाधान मानू नका. गाडी थांबवून इंजिन बंद करायला सांगा. ते पूर्ण निवल्यावरच रेडिएटरचे झाकण काढावे. आतील द्रव दाबाखाली १००° से. च्या वर तापलेला असू शकतो व झाकण सैल होताच अंगावर उसळतो.

करून पाहा : ५०° से. ला मण्याचा रोध ८०० ओहम असेल, तर वरील मंडलात संगणकाला किती व्होल्ट दिसतील?