‘शक्ती’ आणि तिचा दुभाषी

चेन्नई येथील आयआयटी मद्रास या संस्थेत ‘शक्ती’ नावाच्या प्रोसेसरची रचना झाली व 2018 साली त्याची पहिली चिप सिद्ध झाली. परंतु चिप कितीही उत्तम असली, तरी तिला कळतात त्या केवळ 0 आणि 1 यांच्या रांगा. ‘सी’ भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम त्या रांगांत उतरवून देणारा दुभाषी म्हणजे कंपायलर होय.

आज्ञा-पडद्यावर ‘जीसीसी बेरीज.सी -ओ बेरीज’ अशी ओळ रोमन अक्षरांत टंकित केली, म्हणजे तीन गोष्टी सांगितल्या जातात : दुभाषी कोणता, मूळ लेख कोणता आणि ‘-ओ’ या खुणेपुढे, तयार होणाऱ्या फाइलचे नाव काय. लेखात व्याकरणाची चूक असल्यास कंपायलर ओळीचा क्रमांक दाखवितो व फाइल तयार करीत नाही.

ही फाइल शक्तीवर चालेल काय? सहसा नाही. घरच्या संगणकावरील जीसीसी बहुधा त्याच संगणकाच्या प्रोसेसरसाठी भाषांतर करतो. शक्तीचा आज्ञासंच मात्र ‘रिस्क-फाइव्ह’ हा आहे. म्हणून आज्ञेच्या आरंभी रिस्क-फाइव्हसाठी घडविलेल्या जीसीसीचे नाव लिहावे लागते. अशा दुभाष्यास क्रॉस-कंपायलर म्हणतात. साध्या प्रोग्रॅमचा मूळ लेख तोच राहतो. बदलते ते भाषांतर. यावरून ध्यानात येईल की, नवी चिप घडविणाऱ्यास तिचा दुभाषीही सिद्ध ठेवावा लागतो. एरवी ती मुकीच राहील.