जुन्या घरांतील उंदीर आणि वासाचे उपाय

मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनारपट्टीच्या तालुक्यांत दिवाळीच्या आगेमागे भाताची कापणी व झोडणी उरकते आणि नवे भात घरात येते. शेते मोकळी झाली की तेथील उंदीरही वस्तीकडे वळतात. जांभ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या कौलारू घरांस हा उपद्रव विशेष होतो. माळ्यावर असोले नारळ, पडवीत भात आणि स्वयंपाकघरात सुके बांगडे व सुकट असा उंदरांचा सारा शिधा तेथे एकाच छपराखाली मांडलेला असतो.

अशा घरांत विष ठेवण्यास पुष्कळ कुटुंबे नाखूश असतात व त्याचे कारण रास्त आहे. विष खाल्लेला उंदीर माळ्याच्या फळ्यांखाली मरून पडला तर तो हाती लागत नाही. शिवाय घरातील मुले व मांजर यांस धोका असतो. म्हणून निरगुडीचा पाला, तिरफळ, लवंग, कापूर, पुदिन्याचे तेल अशा उग्र वासाच्या वस्तू ठेवण्याचा प्रघात पडला आहे. हे उपाय अगदीच निरुपयोगी नाहीत. परंतु त्यांच्याकडून जेवढ्या कामाची अपेक्षा केली जाते, तेवढे ते करीत नाहीत.

उंदीर स्वभावतः संशयी प्राणी आहे. नेहमीच्या वाटेवर कोणतीही नवी वस्तू दिसली की काही दिवस तो तिच्यापासून दूर राहतो. लवंगेची पुरचुंडी ठेवल्यावर चार दिवस माळा शांत राहतो, त्याचे श्रेय पुष्कळदा वासापेक्षा या नवेपणाकडे जाते. पुढे वास उडून जातो, उंदीर त्या वस्तूस सरावतो आणि पुरचुंडीशेजारूनच त्याची ये-जा सुरू होते. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठात घरउंदरांवर निलगिरीच्या तेलाचे प्रयोग करण्यात आले व त्यांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. तेल रोज लावल्यास उंदीर त्या जागेपासून अधिक प्रमाणात दूर राहिले. मात्र काळ जाईल तसा परिणाम ओसरत गेल्याचेही दिसले. भुकेला उंदीर आणि उघडी भाताची कणगी यांच्यामध्ये केवळ वास उभा करून भागत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा सुकवलेला पाला धान्यात घालतात तो सोंडे व इतर किडींसाठी. किडीस लागू पडलेला उपाय उंदरासही लागू पडतो असे मानू नये. बांधावर लावल्या जाणाऱ्या गिरीपुष्पास तर ‘उंदीरमारी’ असेच नाव आहे. त्यामुळे त्याच्या फांद्या दारात टांगल्या की उंदीर पळतात, अशी समजूत होते. वस्तुतः मध्य अमेरिकेत या झाडाची पाने व साल धान्याबरोबर आंबवून उंदरांना खाऊ घालीत. आंबताना त्यातील कुमारिनपासून रक्त गोठू न देणारे द्रव्य तयार होते. १९४८ पासून उंदीरनाशक म्हणून प्रचारात आलेले वॉरफरिन याच जातीच्या द्रव्यावरून सिद्ध झाले. म्हणजे उंदीरमारीचा गुण वासात नसून विषात आहे, आणि घरी आंबवलेल्या मिश्रणात ते किती उतरेल याचा भरवसा नसल्याने तो प्रयोग करू नये.

वासाचा खरा उपयोग उलट दिशेने करता येतो. उंदीर भिंतीच्या कडेने ठरावीक वाटेने फिरतो व त्या वाटेवर मूत्राचा माग ठेवतो. त्या वासावरून दुसरे उंदीर येतात. नवा वास आणण्याआधी हा जुना वास पुसला पाहिजे. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने त्या भिजवून, हातांत रबरी मोजे घालून उचलाव्यात, वासे व फळ्या सोड्याच्या पाण्याने धुवाव्यात आणि भिंतीस चुना द्यावा. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा प्राणघातक ठरू शकणारा ताप पसरतो. ओल्या जागी उघड्या जखमेतूनही त्याचे जंतू शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळे लाल होणे ही लक्षणे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. घरगुती काढ्यांत दिवस घालवू नयेत.

त्यानंतर वाटा बंद कराव्यात. लहान उंदीर ६ ते ७ मिलिमीटरच्या फटीतूनही अंग काढतो. भिंतीचा माथा व कौले यांमधील फट बारीक लोखंडी जाळीने बंद करावी, म्हणजे वारा खेळता राहतो. चिऱ्यांच्या सांध्यांतील बिळे नुसत्या मातीने लिंपल्यास घूस ती पुन्हा उकरते. चुन्यात किंवा सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून ती भरावीत. आत राहिलेले उंदीर आधी पिंजऱ्याने धरावेत. खोबऱ्याचा भाजलेला तुकडा हे या भागात उत्तम आमिष होय. सुकी मासळी मात्र घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच असावी, कारण तिचा वास उंदरास बोलावतो आणि त्यापुढे कापराचे काही चालत नाही.

छपरावर टेकलेली माडाची झावळी हा तर उंदरांचा राजमार्गच. छपराजवळच्या झावळ्या छाटाव्यात आणि एकेकट्या उभ्या माडास जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवर ४० सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. यामुळे देठाजवळ पोखरून गळणारी कोवळी फळेही वाचतात. मात्र शेजारच्या झाडाची फांदी शेंड्यास लागत असेल तर पत्र्याचा खर्च फुकट जातो.

एवढे झाल्यावर सुगंधी वस्तूंना योग्य जागा उरते, ती म्हणजे लहान व बंद जागा. कपड्यांची पेटी, पोथ्यांचे कपाट, भजनी मंडळाच्या पखवाजाची खोली येथे लवंग, तिरफळ वा कापराची पुरचुंडी ठेवावी व वास मंदावताच ती बदलावी. कापूर पोटात गेल्यास मुलांस विषबाधा होते, म्हणून तो त्यांच्या हाती लागू देऊ नये.

उपाय लागू पडला की नाही, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी राखेने पडताळून दाखवावे. पुरचुंडीच्या पुढेमागे संध्याकाळी चाळलेली राख पातळ पसरावी व सकाळी पावले पाहावीत. ही परीक्षा पहिल्या रात्री न करता दहाव्या रात्री करावी.