आधी लॅपटॉप बंद कर

अगं, आधी डोळे पूस आणि तो लॅपटॉप बंद कर. आत्ता, माझं बोलणं ऐकता ऐकताच. विंडोज टाकताना डी ड्राइव्ह डिलीट झाला आणि तू तिथंच थांबून मला फोन केलास, हे फार बरं केलंस. फोटो अजून गेलेले नाहीत. आता घाईघाईत काही करायला गेलीस तर मात्र जातील.

सोसायटीच्या दाराशी नावांची पाटी असते ना? ती कुणी पुसली म्हणून बिऱ्हाडं घर सोडून जात नाहीत. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर कुठलं पार्टिशन कुठून कुठवर आहे, ही सगळी नोंद पहिल्या सेक्टरमधल्या अवघ्या ६४ बाइटांत मावते. तेवढीच पुसली गेलीय. फायली आहेत तिथंच आहेत, पण त्यांच्यावर नवं काही लिहिलं गेलं की त्या मिटल्या. म्हणून तिथं नवं पार्टिशन करायचं नाही, ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर कॅन्सल. फुल फॉरमॅट तर मुळीच नको. व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोज त्यात जागाभर शून्यं लिहितात. शोधायचं सॉफ्टवेअरही त्या लॅपटॉपवर उतरवायचं नाही. तुझी साधी हार्ड डिस्क आहे हे नशीब. एसएसडीत ‘ट्रिम’ नावाचा प्रकार रिकामी ठरलेली जागा आतल्या आत साफ करून टाकतो, तिथं आशा फार कमी.

घाबरलीस का, ते मला कळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आपण कुर्ल्याच्या तळमजल्यावर होतो. पाण्यातून वाचलेले फोटो बाबांनी एकेक सुकवून स्कॅन केले, ते सगळे याच डी ड्राइव्हमध्ये. आईच्या लग्नातला तो कडेला डाग पडलेला फोटोसुद्धा.

स्टेशनजवळच्या कुठल्याही दुकानात ‘जरा बघा हो’ म्हणून देऊन येऊ नकोस. त्यात तुमचं आधार, पॅन, बँकेचे कागद आहेत; शिवाय पुष्कळ जण आधी नवं विंडोज टाकून मोकळे होतात. डिस्क टकटक वाजत असती तर गोष्ट वेगळी. मग घरी काहीच न करता चांगल्या लॅबमध्येच द्यावी लागते, आणि तिथंही आधी खर्च लेखी घ्यायचा, मिळालेल्या फायलींची यादी बघायची, मगच पैसे.

आपण काय करू, सांगते. तुझी डिस्क काढून माझ्या कंप्युटरला जोडू आणि आधी तिची सेक्टरन् सेक्टर नक्कल मोठ्या डिस्कवर घेऊ. पुढचं सगळं त्या नकलेवर. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचं टेस्टडिस्क फुकट मिळतं. काळी खिडकी, माऊस नाही, बाणांच्या कळांनी चालवायचं. ‘क्विक सर्च’ केलं की हरवलेली पार्टिशनं शोधतं. एनटीएफएसच्या बूट सेक्टरची दुसरी प्रत पार्टिशनच्या शेवटी असते, तिचाही उपयोग होतो. मग ‘पी’ दाबून फायलींची यादी दिसली की निम्मा जीव भांड्यात. नाहीच जमलं तर त्याचंच भावंड फोटोरेक आहे. ते फायली काढतं, पण मूळ नावं आणि फोल्डर बहुतेक जातात, म्हणून ते नंतर.

आणि एक लक्षात ठेव. बाबांनी आजीच्या आठवणी श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केल्यात. त्या फायली परत मिळाल्या तरी फॉन्ट नसेल तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती गिचमिड दिसेल. खराब झाली समजून एकही टाकायची नाही. फॉन्ट घातला की मराठी दिसेल.

बाबांना आजच सांग. रागावतील थोडे, रागावू देत. कुठल्या फोल्डरमध्ये काय होतं ते त्यांनाच ठाऊक. ती यादी असली तर काय राहिलं ते कळेल. मी शनिवारी येते, रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरी, तिथून बोरिवली लोकल. तुझी डिस्क मी इकडे घेऊन येते. तोवर तो लॅपटॉप कपाटात ठेव आणि मुलांनाही सांग, चालू करायचा नाही.