इंजिन ऑईल आणि कॅमशाफ्टची झीज : घर्षणाच्या पाठातला एक प्रश्न



सहावीला घर्षण बल शिकवताना मी नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिलं, "वंगणामुळे घर्षण कमी होते." आमच्या निघोज्याच्या मुलांचं एवढ्यावर समाधान होत नाही. शिवारात महिंद्राचा कारखाना, लागूनच फोक्सवॅगनचा. कुणाचे वडील लाइनवर, कुणाचे मामा टेम्पोवर. एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, पप्पा म्हणतात महागातलं ऑईल टाकलं की कॅम झिजत नाही. गॅरेजवाले काका म्हणतात, सगळी ऑईलं सारखीच. खरं कुणाचं?"

मी "पप्पांचं" असं सांगून मोकळी झाले. घरी आल्यावर मात्र स्वतःचीच चूक आठवली. आमची जुनी पेट्रोल गाडी, फिरणं कमी, म्हणून दोन वर्षं ऑईल बदललंच नव्हतं. गेज काढून पातळीसुद्धा पाहिली नाही. वरून टकटक आवाज यायला लागला, तेव्हा घाईने सगळ्यात महागाचं ऑईल भरलं. आवाज तसाच! मेकॅनिकने वरचं झाकण उघडून दाखवलं, तर कॅमशाफ्टच्या एका उंचवट्याचं टोक घासून बसकं झालेलं. झिजलेलं लोखंड कुठलंच ऑईल परत आणत नाही, हा धडा मला पैसे मोजून मिळाला. म्हणून दुसऱ्या दिवशी पाठ नव्याने घेतला. तो असा.

कॅमशाफ्ट काय करतो?

इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते वेळेवर उघडायचं काम कॅमशाफ्टचं. हा एक दांडा असतो आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला दाबतो, पुढे गेला की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. इंजिनचा मुख्य दांडा दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो.

इथे मुलांना गणित घातलं : इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर एक उंचवटा तासाभरात किती वेळा दाबेल? मिनिटाला १०००, म्हणजे तासाला ६०,०००! वर्गात एकदम शांतता.

हे कॅमशाफ्ट आपल्या महाराष्ट्रातच, सोलापूरला, मोठ्या प्रमाणावर तयार होतात. १९९२ साली स्थापन झालेली तिथली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशातल्या आणि परदेशातल्या गाड्यांना ते पुरवते. ओतीव लोखंडाच्या काही कॅमशाफ्टमध्ये ओतताना उंचवट्यांचा भाग मुद्दाम झटकन थंड करतात, म्हणजे तेवढाच भाग जास्त कठीण होतो. झीज तिथेच होणार, हे बनवणाऱ्याला माहीत असतं.

तेल असूनही झीज का?

दांडा जिथे गोल फिरतो, तिथे तेलाचा थर त्याला जवळजवळ तरंगत ठेवतो. उंचवट्याच्या टोकाशी मात्र सगळा दाब एका बारीक रेषेवर येतो आणि तेल बाजूला पिळलं जातं. अशा वेळी धातू धातूला टेकतो. मग वाचवतं कोण?

तेलात मिसळलेलं औषध. जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं एक रसायन त्यासाठी घालतात. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'झिंक' म्हणतात. उष्णता आणि दाब मिळाला की ते धातूवर अतिशय पातळ थर धरतं. घासला जातो तो थर, आणि तो पुन्हा तयार होतो. आपल्या आज्या पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायच्या ना, तसंच. फक्त ही कल्हई चालत्या इंजिनात आपोआप होत राहते.

मग ऑईलच्या प्रकाराने फरक पडतो का?

पडतो. पेट्रोल गाड्यांच्या ऑईलला मान्यता देण्यासाठी कॅमच्या झिजेची खास चाचणी बरीच वर्षं होती. १०० तास इंजिन चालवायचं, दर तासात ५० मिनिटं ८०० फेऱ्यांवर आणि १० मिनिटं १५०० वर. मग उंचवटे मोजायचे. गंमत बघा, परीक्षा वेगाची नाही, संथ चालण्याची! संथ वेगात तेलाचा थर नीट धरत नाही. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण 'प्रकार' म्हणजे मिनरल की सिंथेटिक, एवढंच नव्हे. तो मूळ तेलाचा फरक. सिंथेटिक थंडीत लवकर वर पोचतं, उष्णतेत जास्त टिकतं, हे खरंच. पण कॅमला वाचवणारं औषध वेगळं मिसळलेलं असतं, आणि ते किती हवं हे इंजिनावर ठरतं.

दोन उदाहरणं सांगते. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आठवते? मुंबईतली त्या गाडीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. तिच्या इंजिनात कॅम सपाट टॅपेटवर सरळ घासायचा. तशा इंजिनाला झिंक भरपूर लागतं. नव्या अनेक गाड्यांत तिथे छोटं रोलर चाक असतं. घासण्याऐवजी लोळणं आलं, त्यामुळे झीज कमी. शिवाय फॉस्फरसमुळे सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. म्हणून २००४ च्या मानकापासून पातळ ग्रेडच्या पेट्रोल ऑईलमध्ये फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०८ टक्के आणि कमीत कमी ०.०६ टक्के अशी मर्यादा आली. म्हणजे जुन्या गाडीचं औषध नव्या गाडीला बाधू शकतं, आणि नव्याचं जुन्याला अपुरं पडू शकतं.

दुसरं उदाहरण फोक्सवॅगन गटाच्या काही जुन्या डिझेल इंजिनांचं. त्यांत कॅमशाफ्ट व्हॉल्व्हबरोबर डिझेलचे इंजेक्टरही दाबायचा. भार वाढला म्हणून कंपनीने ५०५.०१ हे वेगळं ऑईल-मानक ठरवलं. तिथे "ऑईल म्हणजे ऑईल" म्हणून चाललं नसतं.

वर्गातली कृती

१. पुठ्ठ्याचं अंडाकृती चाक कापा, मध्य सोडून एका बाजूला टाचणीने टोचा. वर पेन्सिल उभी धरून चाक फिरवा. पेन्सिल वर-खाली होते, तोच व्हॉल्व्ह.
२. स्टीलच्या ताटलीवर खोबरेल तेलाचा थेंब टाका. बोट आधी हलकं फिरवा, मग जोरात दाबून फिरवा. दाबल्यावर काय जाणवलं, ते मुलांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या.
३. घरी ऑईलचा रिकामा डबा असेल तर पुसून आणायला सांगा. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, दुसरा गरम झाल्यावरच्या दाटपणाचा. खाली एपीआय वगैरे मानक असतं. वाचनाचा तासही होतो!

पालकांसाठी

डब्याची किंमत बघण्याआधी गाडीचं माहितीपुस्तक बघा. त्यातली ग्रेड आणि मानक जुळलं की पुरे. सीलबंद डबा घ्या, सुट्टं ऑईल नको. गेजवर पातळी महिन्यातून एकदा तरी बघा. गाडी कमी फिरली तरी ऑईल जुनं होतं, म्हणून किलोमीटर आणि महिने यांतलं जे आधी भरेल तेव्हा बदला. बाइकला कारचं ऑईल घालू नका. बहुतेक बाइकमध्ये क्लच त्याच ऑईलमध्ये भिजलेला असतो, तो घसरू शकतो.

त्या मुलाला मी वर्गासमोर सांगितलं, "काल मी घाईत उत्तर दिलं, ते अर्धवट होतं. ऑईलने फरक पडतो, हे पप्पांचं बरोबर. पण महाग म्हणजे योग्य असं नाही." तो म्हणाला, "मग पप्पांना पुस्तक बघायला सांगतो." दोन दिवसांनी त्याने पानाचा फोटोच आणून दाखवला. ग्रेडखाली पेनने रेघ मारलेली होती.

तुमच्या वर्गात ही कृती करून बघा आणि मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.