धनुष्य घेताना खिसा आणि खांदा दोन्ही सांभाळा

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंड धनुष्यावर. टोकांना चाकं असलेलं ते यंत्र पाहून घरातलं पोर ‘मला तेच हवं’ म्हणतं. स्पर्धेच्या दर्जाचा तो संच बाणांसह साधारण दोन लाखांच्या पुढे जातो. घाई नको. पहिले दोन-तीन महिने धनुष्य विकत घ्यायचंच नसतं, अकादमीचं वापरायचं. शहरात महिन्याची फी दीड ते चार हजारांच्या आसपास पडते. नाव घालण्याआधी एक चक्कर मारून या. वेगवेगळ्या ताणाची धनुष्यं आहेत का, लक्ष्यामागे जाळी किंवा मातीचा बांध आहे का, आणि बाण काढायला सगळे एकाच शिट्टीवर पुढे जातात का, हे पाहा. शिट्टीची शिस्त नसेल तर तिथून परत फिरा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ‘इंडियन राउंड’ या देशी स्पर्धाप्रकाराचं बांबूचं धनुष्य. बाणांसह आठ-दहा हजारांत भागतं आणि स्पर्धाही खेळता येतात. लाकडी मुठीचं, टोकं पुढे वळलेलं, सुटं होणारं रिकर्व्ह दहा ते पंधरा हजारांना मिळतं. माझं मत याच्याच बाजूचं, कारण त्याची पाती, म्हणजे लिम्ब, बदलता येतात.

खरी चूक होते ती पाउंडेजमध्ये, म्हणजे धनुष्याच्या ताणात. दुकानदार धडधाकट गडी पाहून ३० पाउंडांचं धनुष्य हातात देतो, गडी दहा बाण जोरात मारतो आणि खूश होतो. पन्नासाव्या बाणाला खांदा वर चढतो, पाठीऐवजी दंड ओढू लागतो आणि ती सवय पुढे वर्षभर निघत नाही. मोठ्यांनी १८ ते २४, मुलांनी १० ते १६ पाउंडांवर सुरुवात करावी. पूर्ण ओढून दहा-पंधरा सेकंद न थरथरता धरता येत नसेल तर ते तुमचं धनुष्य नव्हे. ताकद वाढली की दोन-चार पाउंड जास्तीची पाती घ्या, चार-सात हजारांत. तोवर दोन-तीनशे रुपयांचा रबरी पट्टा घरी रोज ओढा.

बाण मापाचे हवेत. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं अंतर इंचांत मोजा, अडीचने भागा; ६५ इंच असेल तर ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी ओढण्याची लांबी, सुमारे २६. नवशिक्याचा बाण त्याहून एक-दोन इंच लांब असावा. आखूड बाण मुठीमागे घसरला तर हातात घुसू शकतो. साधा कार्बन बाण चार-सहाशेला एक. प्रत्येक फेरीनंतर तो किंचित वाकवून कान द्या; करकरला तर फेकून द्या. फुटका कार्बन सुटताना मनगटात शिरतो.

बोटांचा टॅब, आर्म गार्ड आणि दोरी चढवायचा स्ट्रिंगर मिळून हजार-दीड हजार. नेम धरायची साइट आणि तोल राखणारा स्टॅबिलायझर नंतर.

हे सगळं लक्ष्यावरच्या तिरंदाजीसाठी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, मग हत्यार बंदूक असो की बाण. अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर आहे, पण तिथल्या मराठी मंडळींनाही आधी आपल्या राज्याचा परवाना आणि नियम पाहावे लागतात.

जुनं धनुष्य घेणार असाल तर दोरी चढवून टोकाकडून पाहा. ती दोन्ही पात्यांच्या मधोमध दिसली पाहिजे. पात्यांवर बोट फिरवून तडे शोधा. बाण न लावता दोरी सोडली की असे तडे जातात. जुनी दोरी मात्र बदलाच, नवी हजाराच्या आत मिळते.