बोबड्या बोलांशी खेळताना

मूल माझ्यासमोर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, पाऊण तास बसतं. बाकीचा सगळा वेळ ते घरात असतं. स्वयंपाकघरात पायात घोटाळत असतं, आजोबांच्या चपला पळवत असतं, आंघोळीला नको नको म्हणत असतं. मुलांच्या वाचा-उपचारात, म्हणजे सगळे ज्याला स्पीच थेरपी म्हणतात त्या कामात, इतकी वर्षं घालवल्यावर माझी खात्री झाली आहे की खरं काम त्या घरातल्या वेळातच होतं. पालक विचारतात, ‘मॅडम, घरी कोणते व्यायाम घेऊ?’ व्यायाम म्हटला की घरात शिकवणी सुरू होते आणि मूल तोंड मिटून घेतं. म्हणून मी खेळ सांगते. मुलाला बोलावंसं वाटेल, बोलल्याशिवाय काम अडेल, अशी वेळ जो आणतो तोच खेळ उपयोगाचा. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

१. खेळाआधी कान

‘टाळी वाजवली की वळून बघतो, कुकरच्या शिट्टीला दचकतो, म्हणजे ऐकू येतं’ असं घरचे ठामपणे सांगतात. यावर विसंबू नका. मोठे, जाड आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज ऐकू येत नसतील, असं होऊ शकतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, तेव्हा ऐकणं कमी-जास्त होत राहतं आणि घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम लक्ष देत नाही. ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या तपासण्यांत काहीच दुखत नाही. बेरा तर मूल झोपेत असतानाच करतात. उशिरा बोलणाऱ्या मुलाची ही तपासणी झाल्याशिवाय मी कोणताही खेळ सुचवत नाही.

२. सगळं हातात आणून देऊ नका

एकत्र कुटुंबात लाडक्या नातवाने नुसतं बोट दाखवायचा अवकाश, वस्तू हजर असते. बोट दाखवणं ही फार चांगली खूण आहे, पण पुढची पायरी यायला थोडी अडचण लागते. खाऊ काचेच्या बरणीत, घट्ट झाकण लावून, दिसेल पण उघडणार नाही असा ठेवा. पेल्यात घोटभरच पाणी ओता आणि थांबा. फुगा अर्धा फुगवून थांबा. झोक्याला एक हेलकावा देऊन थांबा. थांबणं हेच इथलं सगळ्यात अवघड काम. मनातल्या मनात पाच आकडे मोजा आणि मुलाच्या तोंडाकडे बघत राहा. मूल ‘पा’ म्हणालं किंवा त्याने नुसता आवाज काढून तुमच्याकडे बघितलं, तरी लगेच द्या. देताना म्हणा, ‘पाणी! पाणी हवंय तुला.’

‘पाणी म्हण, मगच देईन’ असं मात्र करू नका. तहानलेल्या मुलाशी सौदा करायचा नसतो. पाणी रडून मिळतं एवढंच ते त्यातून शिकतं.

३. ‘म्हण’ म्हणू नका

पाहुणे आले की ‘काकाला नाव सांग, म्हणून दाखव, म्हण ना’ सुरू होतं. मूल आईच्या पदराआड जातं, आणि कोणीतरी म्हणतं, ‘घरी तर खूप बोलतो.’ बोलणं दाखवण्याची वस्तू होऊ नये, याबद्दल मी फार आग्रही आहे. मूल ‘ताता आला’ म्हणालं तर ‘ताता नाही, काका. नीट म्हण’ असं अडवायचं नाही. ‘हो, काका आला! काका कुठून आला? काका गावाहून आला,’ असं म्हणायचं. बरोबर उच्चार त्याच्या कानावर तीन-चारदा पडला आणि गप्पाही मोडल्या नाहीत. मूल एक शब्द बोलत असेल तर तुम्ही दोन-तीन बोला. ‘भूभू’ म्हणालं तर ‘भूभू पळाला’. ‘भूभू पळाला’ म्हणायला लागलं की ‘काळा भूभू पळाला’. त्याच्यापेक्षा एकच पायरी वर राहायचं. लांबलचक वाक्यं त्याच्या डोक्यावरून जातात.

४. शब्दांआधी आवाज

या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. टपटप, खळखळ, धप्प, टुणटुण, भुर्र, चर्र. असे आवाज काढायला मूल लगेच तयार होतं, कारण त्यात चूक-बरोबर काही नसतं. पाट तिरका लावून गाडी सोडा: ‘भुर्र… धप्प!’ तव्यावर पाणी शिंपडलं की ‘चर्र’. आंघोळीच्या वेळी तांब्यातून धार धरली की ‘खळखळ’. ओठांनी निघणारे प, ब, म सगळ्यात आधी येतात, म्हणून फुगा, पाणी, बस, भोपळा असे शब्द सुरुवातीला हाताशी ठेवा. पांघरुणाआडून ‘भो!’ करण्यापेक्षा चांगला पहिला धडा मला माहीत नाही.

बडबडगीतंही कामाला येतात, पण नुसती ऐकवून नाहीत. रोज तेच गाणं, त्याच हातवाऱ्यांसह म्हणा. पाठ झालं असं वाटलं की एक दिवस शेवटच्या शब्दाआधी थांबा. मूल तुमच्याकडे बघेल, चुळबुळ करेल, आणि बऱ्याचदा तो शब्द, मोडकातोडका का होईना, त्याच्या तोंडून येईल. मोबाइलवरचं गाणं असं थांबून मुलाची वाट बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त दाखवू नये. परगावच्या आजी-आजोबांशी समोरासमोर बोलण्यासाठी फोन धरणं वेगळं, ते खुशाल करा.

५. स्वयंपाकघर

खेळणी आणायला दुकानात जाऊ नका. मटार सोलताना मुलाला शेजारी बसवा. पालक वस्तूंची नावंच शिकवतात, रंग आणि फळं आणि प्राणी. वाक्य बनायला क्रियापद लागतं. ओत, ढवळ, लाट, सोल, झाक, उघड, फेक. कणकेचा गोळा त्याच्या हातात द्या आणि तुम्ही जे कराल ते बोलत राहा.

मोठ्या शब्दातला तुकडा गाळणाऱ्या मुलांसाठी टाळ्यांचा खेळ आहे. भाजीच्या पिशवीतून एकेक वस्तू काढायची आणि जितके तुकडे तितक्या टाळ्या द्यायच्या: ब-टा-टा, टो-मॅ-टो, को-थिं-बीर. ‘टाटा’ म्हणणारं मूल तिसरी टाळी कुठे गेली ते शोधतं आणि तो हरवलेला ‘ब’ सापडतो.

६. ‘क’च्या जागी ‘त’

चार वर्षांचं मूल सगळं बोलतं, पण ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दादी’ म्हणतं, अशी तक्रार माझ्याकडे सगळ्यात जास्त येते. आपली वर्णमाला बघा. क, ख, ग घशाजवळून निघतात, त, थ, द दातांजवळून. कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ या क्रमाने आपले वर्ग लावलेले आहेत. या मुलांच्या जिभेचं मागचं टोक उचललं जायला हवं, त्याऐवजी शेंडा पुढे जातो.

आधी कानाचा खेळ. जोडीची चित्रं काढा: कार आणि तार, गार पाणी आणि दार, वांग्याचे काप आणि ताप आलेलं बाळ. चित्रं सुरेख नसली तरी चालतील. तुम्ही शब्द उच्चारायचा, मुलाने चित्र उचलायचं. हे चुकत असेल तर त्याला अजून फरकच ऐकू येत नाही, मग उच्चाराची घाई करू नका. हे जमलं की दुकान मांडा. आता मूल गिऱ्हाईक, तुम्ही दुकानदार. त्याला कार हवी असते आणि ते ‘तार’ मागतं. तुम्ही शांतपणे तार द्यायची. रागवायचं नाही, हसायचं नाही. मूल चमकतं, ‘ही नाही!’ म्हणतं, आणि जीभ दुसरीकडे न्यायला हवी हे त्याला पहिल्यांदाच मनापासून जाणवतं. मी शंभरदा ‘क म्हण’ सांगून जे होत नाही ते या चुकीच्या मिळालेल्या तारेने होतं.

तरीही ‘क’ निघत नसेल तर मुलाला उताणं झोपवून छताकडे बघत खेळा, जीभ आपोआप मागे पडते. पाण्याच्या गुळण्या करताना होणारा घशातला खरखराट आणि खोकल्याचा आवाज यांचीही मदत होते. आरशासमोर दोघं शेजारी बसा आणि तोंड मोठं उघडून कावळा व्हा. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे, पण रोज.

‘र’ आणि ‘ळ’ उशिरा बसतात, जोडाक्षरं आणखी नंतर. तीन वर्षांच्या मुलाकडून ‘र’ घोटून घेऊ नका. पाच-सहा वर्षांचं झाल्यावर वेळ आणि वेल, माळ आणि माल अशा जोड्या घेऊन हेच दुकान पुन्हा मांडता येतं.

७. फुंकर, मध आणि वेखंड

मेणबत्ती विझवणं, शिट्टी वाजवणं, ओठाला लावलेला मध जिभेने चाटणं हे ‘जिभेचे व्यायाम’ म्हणून घरोघर सांगितले जातात. मुलांना ते आवडतात, खेळ म्हणून जरूर खेळा. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात देऊ नका.) पण फुंकर मारल्याने ‘क’ येत नाही. ‘क’ यायला ‘क’च म्हणावा लागतो. वेखंड चाटवल्याने वाचा सुटते याला आधार नाही. जिभेखालचा पडदा घट्ट असेल तर दूध ओढताना किंवा काही उच्चारांत अडचण येऊ शकते, पण शब्दच न येण्याचं कारण तो नसतो. त्यासाठी शस्त्रक्रियेची घाई करण्याआधी दुसरा सल्ला घ्या.

८. अडखळणाऱ्याला ‘हळू बोल’ सांगू नका

दोन ते पाच वर्षांत बरीच मुलं ‘मी मी मी जातो’ असं अडखळतात आणि बहुतेकांचं ते आपोआप जातं. तुम्ही स्वतः संथ बोला, त्याचं वाक्य पूर्ण करू नका, डोळ्यांत बघून ऐका. सहा महिन्यांनंतरही तसंच राहिलं, चेहरा ताणला जायला लागला, घरात आणखी कोणाला हा त्रास असेल, तर दाखवून घ्या.

९. घरात तुमचीच भाषा बोला

इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून कितीतरी आया अवघडत इंग्रजी बोलतात. बेंगळुरू, दुबई, न्यू जर्सीतून फोन येतात: ‘एकच भाषा बोला असं सांगितलंय, मराठी बंद करू का?’ करू नका. दोन भाषा ऐकल्याने बोलण्याला उशीर होत नाही. रागवायला, लाडात यायला, गोष्ट रंगवून सांगायला जी भाषा तुम्हाला सहज येते तीच मुलाला द्या. घराची भाषा मालवणी किंवा अहिराणी असेल तर तीच.

१०. वाट किती बघायची

‘याचे वडीलही उशिराच बोलले’, ‘मुलगे उशिराच बोलतात’ या दोन वाक्यांनी माझ्याकडे येणाऱ्या मुलांची मोलाची वर्षं खाल्ली आहेत. वर्षाचं मूल बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’सारखे दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर थांबू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि तुमची शंका स्वतःहून सांगा. पुढच्या तपासणीसाठी ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून वाचा आणि श्रवणाच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खासगीत गेलात तर थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात संकोच नको. आणि तपासणीची तारीख पुढची मिळाली तरी ‘भुर्र’ आणि ‘धप्प’ आजपासूनच सुरू करा.